छातीत भरून येतं पण ईसीजी नॉर्मल, मग पुढची टेस्ट कुठली? हृदयाच्या स्कॅनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, घराच्या खालच्या अंगाला आहे, गोव्यात साखळीहून थोडं आत. बाबा सकाळी पाटाचं पाणी सोडून, पडलेले नारळ पिशवीत भरून वर यायचे आणि मधल्या फणसाखाली उभे राहायचे. मला वाटायचं सवयीने थांबतात, झाडं बघतात. चतुर्थीच्या आधी एकदा मी मागोमाग होते म्हणून दिसलं, पिशवी खाली ठेवलेली, तोंड जरा उघडं आणि उजव्या हाताने डावा खांदा दाबून धरलेला. विचारलं तर म्हणाले गॅस आहे, पाच मिनिटांत जातो. आणि खरंच पाच मिनिटांत गेला. दिवाळीपर्यंत एकदाऐवजी दोनदा थांबायला लागले.

तिथून पुढे चार महिने, पाच टेस्ट आणि फुकट गेलेले दोन दिवस. त्यातलं एकही टाळता येण्यासारखं नव्हतं असं नाही, आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन्ही फेऱ्या वाचल्या असत्या. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, कुठली टेस्ट करायची ते तुमचे कार्डिओलॉजिस्टच ठरवणार, पण टेस्टला जाताना घरच्यांनी काय करायचं हे बरंचसं घरच्यांनाच शिकावं लागतं. इथे मी फक्त अशा टेस्टबद्दल बोलतेय ज्यात मनगटातून किंवा जांघेतून तार घालत नाहीत, म्हणजे नेहमीची अँजिओग्राफी सोडून बाकीच्या.

१. आधी हे बघा: ही थांबण्याची वेळ आहे की पळण्याची

बसल्या जागी छातीत दाब, घाम फुटलाय, जबडा किंवा हात दुखतोय, उलटीसारखं होतंय, दहा-पंधरा मिनिटं झाली तरी उतरत नाही, असं असेल तर हा लेख बंद करा आणि १०८ लावा. स्कॅनची तारीख घेत बसायचं नाही. स्वतः गाडी चालवत नेऊ नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो, तिथून तो बांबोळीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, डॉक्टरांना दाखवून उपचार लगेच सुरू करायची सोय गोव्यात हार्ट अटॅकसाठीच्या स्टेमी प्रकल्पात आहे, त्यामुळे "डायरेक्ट बांबोळीलाच जाऊया" म्हणून तासभर घालवण्यापेक्षा १०८ वाले सांगतील तसं करा.

बाई असेल, किंवा जुना डायबेटिस असेल, तर दुखणं असं ठळक येईलच असं नाही. नुसता दम, नुसता थकवा, पोटाच्या वरच्या भागात जड वाटणं, एवढंच असू शकतं. आपल्या आया-मावश्या "आंबट ढेकर येतात" म्हणून आठवडाभर सोडा पितात, तेव्हा जरा चौकशी करा.

खाली जे आहे ते दुसऱ्या प्रकारासाठी, चढलं की येतं, थांबलं की जातं, आणि तेच पुन्हा पुन्हा.

२. तक्रार कागदावर लिहा, डॉक्टरकडे जायच्या आधी

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, टेस्टपेक्षाही. बाबा केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "तसं काही नाही डॉक्टर, जरा गॅस होतो आणि दम लागतो." डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, दमा असेल म्हणून डेरिफायलिन लिहून दिली. फणसाची गोष्ट बाबांनी सांगितलीच नाही आणि मी बाहेर बसले होते. तीन आठवडे त्या गोळीवरच काढले.

कागदावर एवढं पाहिजे: काय केल्यावर येतं, किती चढल्यावर, थांबल्यावर किती मिनिटांत जातं, छातीत कुठे (बोटाने एक जागा दाखवतात की अख्खा तळवा ठेवतात हेसुद्धा सांगा), पहिल्यांदा कधी जाणवलं, आता वाढलंय का. जेवणानंतर चाललं की जास्त होतं का. शिवाय बीपी, शुगर, तंबाखू किंवा सिगारेट, घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला का. दुसऱ्या डॉक्टरांना मी हा कागद दिला, त्यांनी दोनदा वाचला आणि बाबांना एकच विचारलं, "काका, फणसाच्या पुढे न थांबता गेलात तर काय होतं?" बाबा म्हणाले, "जाववतच नाही." सगळं चक्र तिथून फिरलं.

३. साधा ईसीजी आणि साधा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका

आमच्याकडे दोन्ही नॉर्मल होते. आई देवाला नारळ ठेवून मोकळी झाली. पण या दोन्ही टेस्ट माणूस पलंगावर आडवा असताना करतात.

हे मला कुळागरावरूनच समजलं. पाटात निम्मा गाळ साचला असेल तर पावसाळ्यात कळतं का? नाही, तेव्हा पोफळींना पाटाच्या पाण्याची गरजच नसते, सगळं हिरवंगार. कळतं ते एप्रिलात, झाडाला पाणी जास्त लागतं आणि पाटातून तेवढं येत नाही तेव्हा, आणि पहिली सुकते ती शेवटची ओळ. हृदयाचंही तसंच आहे. हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्या, म्हणजे कोरोनरी, ७० टक्के अरुंद झाल्या तरी आडवं पडून असताना स्नायूला पुरेसं रक्त मिळू शकतं. चढावर मागणी वाढली की कमी पडतं.

म्हणून पुढच्या टेस्ट दोन जातीच्या असतात. एक जात पाटात उतरून गाळ किती ते बघते, म्हणजे नळीचं चित्र काढते. दुसरी जात एप्रिल आणते, म्हणजे हृदयाला मुद्दाम पळवते आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचतंय का ते बघते. डॉक्टर टेस्ट लिहून देतील तेव्हा एवढंच विचारा, "यात गाळ बघणार की पाणी बघणार?" तुमच्या शब्दांत विचारा, पण विचाराच, कारण रिपोर्ट कसा वाचायचा ते त्यावर ठरतं.

४. कुठली टेस्ट काय दाखवते

टीएमटी, म्हणजे ट्रेडमिल टेस्ट. पट्ट्यावर चालवतात, अंगाला वायरी, ईसीजी चालू. यात चित्र निघत नाही, पण बहुतेकांची सुरुवात इथूनच होते म्हणून सांगते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. हृदयाचे ठोके एका आकड्यापर्यंत न्यायचे असतात, २२० मधून वय वजा करून त्याचे ८५ टक्के. बाबा ६४ चे, म्हणजे साधारण १३३. बाबांचा गुडघा सहाव्या मिनिटाला बोलला, ठोके ११० ला अडकले, रिपोर्टवर लिहून आलं की निष्कर्ष काढता येत नाही. त्यात ते चपला घालून गेलेले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टीएमटीला पाठवण्याआधी डॉक्टरांना गुडघ्याचं सांगा, आणि पाठवलंच तर बूट न्या. बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त आहे, हेही लक्षात असू दे, नुसत्या टीएमटीवर घाबरून जायचं नाही.

स्ट्रेस इको. आधी आडवं झोपवून सोनोग्राफी, मग पट्ट्यावर पळवून लगेच, मिनिट-दीड मिनिटाच्या आत, पुन्हा सोनोग्राफी. रक्त कमी पडलेला भिंतीचा भाग नीट आकुंचन पावत नाही, तो दिसतो. ज्यांना चालता येत नाही त्यांना डोब्युटामिन नावाचं औषध शिरेतून हळूहळू वाढवत देतात, ठोके तसेच वाढतात. रेडिएशन नाही हा मोठा फायदा. अडचण अशी की चित्र स्वच्छ दिसायला हवं, खूप जाड माणूस किंवा फुप्फुसं फुगलेली असली तर दिसत नाही, आणि बघणाऱ्याचा अनुभव इथे फार मोजला जातो.

कॅल्शियम स्कोअर. साधा सीटी, सुई नाही, डाय (नळ्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) नाही, काही मिनिटांत होतो. नळ्यांच्या भिंतीत चुना किती साचलाय ते मोजतात, त्या आकड्याला अगाटस्टन स्कोअर म्हणतात. शून्य म्हणजे उत्तम, १०० पर्यंत सौम्य, १०० ते ४०० मध्यम, ४०० च्या वर भरपूर. हा आकडा मुख्यतः ज्यांना काही त्रास नाही त्यांचा पुढचा धोका मोजायला कामाचा. ज्याला चढावर दुखतंय त्याचा स्कोअर शून्य आला म्हणून फाईल बंद करायची नाही, मऊ चरबीचा साठा यात दिसत नाही, तरुण माणसात तर खास.

सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. लोक "सीटी अँजिओ" म्हणतात. हाताच्या शिरेतून आयोडीनची डाय देतात आणि नळ्यांचं पूर्ण चित्र काढतात. ही गाळ बघणारी टेस्ट. हिची खरी ताकद "नाही" म्हणण्यात आहे, नळ्या स्वच्छ आल्या तर मोठं ब्लॉकेज नाही याची खात्री जवळजवळ पूर्ण. स्कॉटलंडमध्ये स्कॉट-हार्ट नावाचा अभ्यास झाला, छातीत दुखणारे ४१४६ लोक, निम्म्यांना नेहमीच्या तपासणीबरोबर ही टेस्ट. २०१८ मध्ये पाच वर्षांचे आकडे आले, टेस्ट झालेल्यांत हार्ट अटॅक किंवा त्याने मृत्यू २.३ टक्के, न झालेल्यांत ३.९ टक्के. टेस्टने जादू केली नाही, चित्र दिसल्यामुळे योग्य माणसाला योग्य गोळ्या वेळेत सुरू झाल्या असं त्याचं कारण समजलं जातं.

पण चुना भरपूर असला की ही टेस्ट अडखळते. चुना चित्रात फुलून पांढराशुभ्र दिसतो आणि खऱ्यापेक्षा मोठा वाटतो, त्यामागे वाट किती उरली ते कळत नाही. बारीक स्टेंटमध्ये (नळी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीत) आत बघणंही कठीण. ठोके अनियमित असतील तर चित्र फाटतं.

स्ट्रेस थॅलियम. नाव थॅलियमचं राहिलंय, आता बहुतेक ठिकाणी टेक्निशियम वापरतात. रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जाणारं किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, एकदा आराम असताना आणि एकदा हृदयावर ताण असताना, आणि कॅमेऱ्याखाली झोपवून दोन्ही चित्रं शेजारी ठेवतात. ताणात काळा पडलेला भाग आरामात भरून आला तर तिथे रक्त कमी पडतंय पण स्नायू जिवंत आहे. दोन्हीत काळाच राहिला तर बहुधा जुनी जखम. ही पाणी बघणारी टेस्ट. एक खोच आहे, हृदयाच्या तिन्ही मुख्य नळ्या सारख्याच अरुंद असल्या तर सगळीकडे सारखंच कमी दिसतं आणि चित्र फसवं नॉर्मल वाटू शकतं, म्हणून डॉक्टर बाकीच्या खुणाही बघतात.

कार्डियाक एमआरआय. रेडिएशन नाही, स्नायूची जखम सगळ्यात स्पष्ट दिसते, ताण देऊनही करता येतो. पण बोगद्यात बराच वेळ पडून राहायचं, श्वास अनेकदा रोखायचा. जुना पेसमेकर असेल तर आधी सांगा. आजकालच्या स्टेंटची अडचण नसते. किडनी फार कमजोर असेल तर यातल्या डायबद्दल वेगळा विचार करावा लागतो.

पेट स्कॅनही असतो, आणि सीटीच्या चित्रावरूनच कॉम्प्युटरने रक्तप्रवाहाचा हिशेब काढतात तोही प्रकार आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

रेडिएशनची भीती आमच्याकडे भावाला फार होती. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं. कॅल्शियम स्कोअर साधारण १, नव्या मशीनवर सीटी अँजिओ २ ते ५, टेक्निशियमची पूर्ण टेस्ट १० च्या आसपास. म्हणजे उगाच दरवर्षी "चेकअप" म्हणून करायच्या नाहीत, पण ६४ वर्षांच्या, लक्षणं असलेल्या माणसाला गरज असताना भिऊन टाळायच्याही नाहीत. गरोदर असण्याची शक्यता असेल तर मात्र पहिल्यांदा तेच सांगा.

५. पिशवीत काय काय

- डॉक्टरची चिठ्ठी, त्यावर टेस्टचं नाव आणि कशासाठी ते लिहिलेलं
- आधीचे सगळे ईसीजी, इको, टीएमटी, फक्त शेवटचे नाही
- ताजा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, डायची टेस्ट असेल तर हा नसला की परत पाठवतात
- चालू गोळ्यांची पाकिटं, यादी नको, पाकिटंच, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा
- आधी स्टेंट किंवा बायपास झाली असेल तर त्याचा डिस्चार्ज कागद
- आधार कार्ड, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड, रिन्यू केलेलं
- बूट, सैल शर्ट पुढून बटणांचा, पाण्याची बाटली, टेस्टनंतर खायला काहीतरी

दीनदयाळ कार्डाबद्दल एक. आम्ही धरून चाललो की कार्ड आहे म्हणजे सगळं होईल. अ‍ॅडमिट न होता नुसता स्कॅन त्यात बसतो का, हे त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारा, टेस्ट झाल्यावर नाही. बांबोळीला कार्डिओलॉजी ओपीडीतून गेलात तर खर्च कमी, पण केसपेपर काढण्यापासून रांग धरायची तयारी ठेवा आणि तारखेसाठी थांबावं लागेल. किती थांबणं चालेल हे डॉक्टरांना सरळ विचारा, आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं महिना चालेल पण त्रास वाढला तर लगेच यायचं.

६. तारीख घेताना फोनवर हे विचारा

सीटी असेल तर मशीन किती स्लाइसचं, किमान ६४ पाहिजे. सांगितलेल्या पैशात डाय आणि कॅल्शियम स्कोअर धरलाय का. हृदयाचे स्कॅन नेहमी करतात का की महिन्यातून एखादा. रिपोर्टबरोबर चित्रांची सीडी मिळेल का. आणि सगळ्यात शेवटी, "आमच्या बाबांच्या या या गोळ्या चालू आहेत, कुठली बंद, कुठली चालू?" पाकिटावरची नावं वाचून दाखवा, घाई केली तरी सोडू नका.

७. सीटी अँजिओचा दिवस

ठोके ६० ते ६५ च्या खाली असले की चित्र छान येतं. म्हणून चहा-कॉफी बारा तास आधीपासून बंद, जड जेवण चार तास आधीपासून बंद, पाणी मात्र प्यायचं. आम्हाला फक्त "उपाशी या" सांगितलं होतं. आता उपाशी म्हणजे आपल्याकडे चहा चालतोच. बाबा पहाटे साडेपाचला कपभर कडक चहा घेऊन निघाले. तिथे सिस्टरने विचारलं, "काका, सकाळी चहा घेतलात काय?" आणि मॉनिटरवर ८८. ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलची गोळी दिली, तासभर बसवलं, ७६. पुन्हा थोडी, पुन्हा तास. तेवढ्यात इमर्जन्सी केस आली आणि आमची वेळ गेली. तो पहिला फुकट दिवस.

दुसऱ्यांदा गेलो ते तयारीने. आदल्या संध्याकाळपासून चहा नाही. आणि ओसरीवर बसून श्वास रोखायची प्रॅक्टिस केली, मी दहा आकडे मोजायचे, बाबा छाती भरून थांबायचे. हे जरूर करा, कारण मशीन रेकॉर्ड केलेल्या आवाजात हुकूम सोडतं, वयस्क माणसाला तो कळेपर्यंत श्वास सुटलेला असतो. प्रत्येक वेळी सारखाच श्वास घ्यायचा, एकदा खोल आणि एकदा उथळ असं नाही.

आत काय होतं ते आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरत नाहीत. कोपराच्या खोबणीत जरा जाड सुई. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, नळ्या फुगाव्यात म्हणून, त्याने डोकं थोडं दुखतं. मग डाय जाताना सगळ्या अंगात ऊन ऊन वाटतं आणि कपड्यातच लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. बाबांना मी हे आधीच सांगितलं होतं, बाहेर आल्यावर म्हणाले, "तू सांगितलं नसतंस तर मी उठूनच बसलो असतो."

आता एक नाजूक गोष्ट. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा म्हणतात ती) गोळी घेतलेली असेल आणि वर नायट्रोग्लिसरीन दिलं तर बीपी धोकादायक खाली जातं. पुरुष माणूस हे मुलीसमोर किंवा सुनेसमोर कधीच सांगणार नाही. तेव्हा सिस्टर प्रश्न विचारत असताना तुम्ही उठून पाणी आणायला जा. त्यांना एकटं राहू द्या.

अ‍ॅलर्जी. आपल्याकडे सुंगटं (कोळंबी) किंवा कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्या की अंगावर उठणारे पुष्कळ. त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की त्यात आयोडीन, म्हणून डाय चालणार नाही. मासळीची अ‍ॅलर्जी आयोडीनची नसते, तेवढ्यावरून टेस्ट रद्द करायचं कारण नाही. पण सांगा, कुठलीही अ‍ॅलर्जी असो, दमा असो, सांगा. आणि आधी कधी डाय दिल्यावर त्रास झालेला असेल तर ते सगळ्यात आधी आणि मोठ्याने.

शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांनी विचारून घ्या. किडनी चांगली असेल तर बऱ्याचदा थांबवावी लागत नाही, काही सेंटर ४८ तास बंद ठेवायला सांगतात. टेस्टनंतर अर्धा तास तिथेच बसा आणि दिवसभर पाणी प्या.

८. स्ट्रेस थॅलियमचा दिवस, इथे नियम उलटे

बाबांच्या सीटीत पुढच्या मोठ्या नळीत, ती एलएडी, मधल्या भागात साधारण ६० टक्के ब्लॉकेज दिसलं आणि चुना इतका की नक्की सांगता येत नाही असं लिहून आलं. स्कोअर ५०० च्या वर. गाळ दिसला, आता पाणी बघायचं. बेळगावला लवकर तारीख मिळाली म्हणून चोर्ला घाट चढून गेलो.

गुडघ्यामुळे पट्टा शक्य नव्हता, म्हणून अ‍ॅडेनोसिन, म्हणजे पळवण्याऐवजी शिरेतून द्यायचं, हृदयाच्या नळ्या फुगवणारं औषध, देऊन करणार होते. चहा नाही, कॉफी नाही, कोला नाही, चॉकलेट नाही, मी सगळं सांभाळलेलं. तिथे डॉक्टरांनी पाकिटं बघितली आणि विचारलं डेरिफायलिन कधी घेतली? सकाळी. ती पहिल्या डॉक्टरांची गोळी, नंतर कोणी बंद करायला सांगितलीच नव्हती, बाबा इमानदारीत घेत होते. तिच्यात थिओफायलिन असतं, आणि थिओफायलिन काय किंवा कॅफिन काय, दोन्ही अ‍ॅडेनोसिनचा परिणामच होऊ देत नाहीत. टेस्ट झाली असती तर नॉर्मल दिसली असती, खोटी. घाट उतरून परत. हा दुसरा दिवस. टेक्निशियमचा जोर सहा तासांत निम्मा होतो, ते त्या त्या दिवसासाठी तयार करतात, उद्यावर ढकलता येत नाही, म्हणून नवी तारीखच घ्यावी लागली.

तेव्हा नीट वाचा. कॅफिन पूर्ण २४ तास बंद ठेवलंत तर उत्तम, सेंटर बारा तास सांगेल तरी. डिकॅफ कॉफीतही थोडं असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन असतं, पाकीट वाचा. कोकम सरबतात नसतं, मी विचारून घेतलं. खरा दमा असेल तर अ‍ॅडेनोसिन सहसा देत नाहीत, डोब्युटामिनने करतात, म्हणून दम्याचं आधी कळवा.

आणि मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या. सीटीला त्या मुद्दाम देतात, ठोके कमी हवेत म्हणून. पट्ट्यावरच्या किंवा डोब्युटामिनच्या टेस्टला त्या बऱ्याचदा एक-दोन दिवस आधी थांबवतात, ठोके वाढायला हवेत म्हणून. गोळी तीच, सूचना उलटी. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर छातीचं दुखणं उसळू शकतं. लिहून घ्या, कोणी सांगितलं आणि कधीपासून बंद.

अ‍ॅडेनोसिन जाताना छातीत दाबल्यासारखं, तोंड लाल, धाप, असं काही मिनिटं होतं आणि औषध थांबलं की लगेच उतरतं. बाबा म्हणाले, अगदी फणसाखालच्यासारखं. पूर्ण टेस्टला तीन-चार तास धरा, मध्ये बसून राहावं लागतं, काही ठिकाणी दूध किंवा तुपकट खायला देतात म्हणजे यकृतातलं औषध निघून चित्र साफ येतं. त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईपासून लांब बसा, पाणी भरपूर प्या. भाचीला दुसऱ्या दिवसापर्यंत आत्याकडे ठेवलं होतं.

९. रिपोर्ट हातात आल्यावर

सीटीच्या रिपोर्टवर कॅड-रॅड्स नावाचा आकडा असतो. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे २५ टक्क्यांच्या खाली, २ म्हणजे ५० च्या खाली, ३ म्हणजे ५० ते ६९, ४ म्हणजे ७० च्या वर, ५ म्हणजे नळी पूर्ण बंद. डाव्या मुख्य नळीत ५० टक्के असलं तरी ते ४ मध्येच धरतात, तिथलं ब्लॉकेज वेगळंच गंभीर. ३ हा मधला आकडा, आणि तिथेच पाणी बघणारी दुसरी टेस्ट कामाला येते, आमचं तेच झालं.

थॅलियमच्या रिपोर्टवर रिव्हर्सिबल डिफेक्ट (ताणात काळा पडून आरामात भरून आलेला भाग) शोधा, आणि तो लहान, मध्यम की मोठा. बाबांचा लहान होता, पुढच्या भिंतीच्या टोकाला. एक नातेवाईक म्हणाले लगेच स्टेंट घाला, वाट कसली बघता. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास झालाय, ५१७९ रुग्ण, २०२० मध्ये छापून आला, त्यात स्थिर दुखणं असलेल्या लोकांना आधी स्टेंट किंवा बायपास केली काय आणि आधी गोळ्या दिल्या काय, मृत्यू आणि हार्ट अटॅक मिळून फारसा फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नळीत मोठं ब्लॉकेज असलेले त्यात घेतले नव्हते, आणि चालू हार्ट अटॅकला हे लागू नाही. बाबांना अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, बीटा ब्लॉकर आणि जिभेखालची गोळी, डेरिफायलिन बंद, तंबाखू बंद. त्रास वाढला तर अँजिओग्राफी, हे लिहून दिलंय.

तुमच्या घरी निर्णय वेगळा होईल, चित्र वेगळं असेल. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून या: स्नायूला रक्त कमी पडतंय का, किती भागाला, आणि काय झालं की आम्ही वाट न बघता परत यायचं.

सीडीबद्दल शेवटचं. पहिल्या पावसात आमच्या कपाटातल्या जुन्या सीड्यांवर बुरशी धरलेली मी बघितलीय, पांढरे ठिपके, मग ती चालत नाही. घरी आल्या आल्या सगळी चित्रं पेनड्राइव्हवर घ्या, एक कॉपी दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा. बाबांची एक भावाकडे मडगावला आहे. रिपोर्टचा कागद कोणीही वाचेल, पण नवीन डॉक्टर चित्रच मागतात.